निळ्या दाराची किल्ली

विद्यापीठाने नगरपालिकेच्या मदतीने परगावच्या मुलांची सोय शहरातल्या घरांत केली होती. नगरपालिकेच्या खिडकीवर नव्याने आलेल्या एका मुलीला घराची किल्ली मिळाली. किल्लीला बांधलेल्या पट्टीवर लिहिलं होतं : ‘निळं दार, टेकडीचा रस्ता’. न्यायला कोणी येईल म्हणून ती बॅगेवर बसून राहिली. शेजारच्या बाकावर एक आजी-आजोबा येऊन टेकले.

"आधीची पोरगी कालच गेली, आणि आज लगेच दुसरी! मला नाही बाई जमायचं."

"मग खिडकीवर नाही म्हणून सांग."

"तुम्हीच सांगा. हो म्हणताना मला विचारलं होतंत?"

"बरं, सांगतो. घराची किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"माझी कुठे आहे? ती मी काल त्या पोरीच्या बॅगेत टाकली. म्हटलं, कधी परत आलीच आणि आपण नसलो, तर पोर दारात ताटकळायला नको."

"अरे देवा!"

"अहो, काय झालं? तुमची कुठंय?"

"तिच्या कोटाच्या खिशात."

"तुम्हीसुद्धा? आणि मला म्हणत होतात, परक्याच्या पोरीत जीव गुंतवू नकोस!"

"म्हणत होतो खरा."

"ते निळं दार ओढलं की आपोआप लागतं. आता आत शिरायचं कसं?"

"तिने जाताना स्वतःची किल्ली खिडकीवर दिली होती. ती आता नवीच्या हातात असणार."

"आणि तिलाच आपण नको म्हणायला आलोय!"

बॅगेवरची मुलगी उठून दोघांसमोर उभी राहिली.

"आजी, चला. दार मी उघडते."