पंधरावा दिवा

...अहो, लाल म्हणजे किती लाल! तुम्हाला सांगतो, कॉलेजनं ॲप आणलंय. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक दिवा. तास बघितला, गृहपाठ टाकला की हिरवा, गायब झाला की लाल! आणि प्राचार्य घसा खाकरत म्हणाले, "सर, पंधरा दिवे हिरवे हवेत. एक जरी गळाला तरी वर्ग बंद!" आमचा संख्याशास्त्राचा वर्ग बंद? मग आजारी आईच्या उशाशी बसून बापाच्या फोनवर तास ऐकणारी ती पोरगी जाईल कुठे? म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, पंधरावा दिवा हिरवा करणारच!

चौदा झाले हो. पंधरावा ढिम्म! नाव नाही, नुसता हजेरी क्रमांक. ॲपवरून प्रेमानं लिहिलं, "बाळा, कुठे आहेस?" मग, "बाळा, तुझ्याशिवाय करमत नाही, परत ये." दिवसाला सहा-सहा वेळा! सोडतोय होय मी? पंधरावा दिवा हिरवा करणारच!

तिसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून आली. हातात माझा जुना फोन. "अहो, हा ड्रॉवरमध्ये सारखा किणकिणतोय. कोण ही, जिला तुमच्याशिवाय करमत नाही?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश! ॲपच्या प्रशिक्षणात "करून बघा" म्हणाले, तेव्हा मीच त्या फोनवरून खोटा विद्यार्थी भरला होता, पालक म्हणून हिचा नंबर दिला होता... आणि पुसायचाच राहिला! संख्याशास्त्र शिकवतो मी, संख्याशास्त्र! आणि वर्गात पोरं किती, ते मोजलं नाही!

गेलो प्राचार्यांकडे, खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग चौदाच. बंद." अस्सा संताप आला! म्हटलं, "द्या प्रवेश अर्ज. प्राध्यापकानं शिकू नये असं नियमात कुठं लिहिलंय?" त्यांनी नियमांचं पुस्तक तीनदा चाळलं. नव्हतंच लिहिलेलं!

तर आता दिवसा शिकवतो, संध्याकाळी स्वतःचाच तास बघतो. काय रटाळ बोलतो हो तो माणूस! दोनदा डुलकी लागली, गृहपाठ राहिला, आणि काल ॲपनं माझी पालक म्हणून बायकोला परस्पर कळवलं, "आपल्या पाल्याची प्रगती असमाधानकारक आहे. विषय शिक्षकांना भेटा."

उद्या अकराला येत्येय. मी दोन खुर्च्या मांडून ठेवल्यात... पण मी बसायचं कुठल्या बाजूला?