ओल्या फडक्याखालचा कप

दिनकरकाका, आणि या शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेले सगळे जण. ताईंकडे शिकलेले, अजून शिकत असलेले, आणि नुसते चहा प्यायला येणारेसुद्धा.

तुम्ही सगळे आलात. बरं झालं. पण मला बोलायला उभं केलंत, ते काही बरं केलं नाही. हात रिकामे वाटून राहिले आहेत. या शेडमध्ये मी रिकाम्या हातानं कधी उभी राहिलेच नाही. ताई राहू द्यायच्या नाहीत. "उभी काहून आहे वं? माती मळ." एवढंच त्यांचं स्वागत.

मी विद्या. नागपूरच्या महाल भागात राहते. मंगळवारी आणि शनिवारी स्कूटीनं इथं हुडकेश्वरला यायची. सुनंदाताई गेल्या, त्यांची तेरवीसुद्धा झाली, आणि मला अजून राग येतो आहे. दुःख म्हणा हवं तर. माझ्याकडे दुःखाच्या आधी रागच येतो. दुपारचा क्लास घेतला, हात धुतले, त्या तिथल्या खुर्चीत बसल्या, आणि संपलं. असं जातं का कोणी? निदान हात तरी कोरडे होऊ द्यायचे.

माझा पहिला वाडगा आठवतो. चाकावर नुसता थयथय नाचत होता. ताई मागे येऊन म्हणाल्या, "मातीवर राग काढून राहिली का? सासूले घरी ठेवून येत जा." सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता रडायला लागले. घरी तेव्हा काय चाललं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. कधीच विचारलं नाही. पाण्याचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "घे, पुन्हा मधात घे." मी माती पुन्हा चाकाच्या मध्यावर घेतली. घरी जाऊन नीट जेवले. आपल्यापैकी किती जण असेच आले असतील इथं? पणत्या शिकायला आलो म्हणायचं, आणि शिकायचं भलतंच.

त्यांचा एक नियम तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. एकदा माझी बरणी कलायला लागली. मी ओरडले, ताई, धरा! त्या हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. "मी धरलं तं ते माहं होते. पडू दे." पडली. मी पुढचे दोन क्लास बोलले नाही त्यांच्याशी. त्याच माझ्याशी बोलत राहिल्या.

आता त्या कपाबद्दल बोलते. त्यासाठीच उभी राहिले आहे.

काकांचा चहाचा कप फुटला होता. काका रोज बायकोमागे कुरकुर करायचे, "गावभराले कप करते, माह्यासाठी सवड नाही." शेवटच्या दिवशी क्लास झाल्यावर ताईंनी तो कप केला. मोठा, काकांच्या हाताच्या मापाचा. कपाला कान लगेच लावता येत नाही. थोडा आवळू, म्हणजे घट्ट होऊ द्यावा लागतो. पण पुरता वाळला तर कान धरत नाही. म्हणून ताईंनी ओलं फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "उद्या कान लावते."

दुसऱ्या दिवशी आपण त्यांना घाटावर नेलं.

परत आल्यावर मी शेडमध्ये शिरले. हा असा उन्हाळा. फडकं कडक होत आलं होतं. मी ते ओलं केलं. कशासाठी? कान लावणारी तर राहिली नव्हती. आणि दुसऱ्या कुणी लावणं शक्य नव्हतं, नियम त्यांचाच. तरी हात गेला. फडकं ओलं आहे तोवर ताईंचं ते 'उद्या' अजून यायचंच आहे, असं काहीतरी वाटलं असेल. मी रोज येऊन ओलं करत गेले. कुणाला सांगितलं नाही.

आज सकाळी खुर्च्या मांडताना काकांनी फडकं उचललं. कप चिंब झाला होता. एका बाजूनं त्यानं मान टाकली होती. मी म्हटलं, काका, माझ्यामुळे झालं. तर आपल्या क्लासमधली वंदना म्हणाली, मी पण रोज सकाळी ओलं करत होते. मग मागून एक, मग आणखी एक. सगळेच. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच करतो आहोत. ताईंच्या हातचं शेवटचं काम आपण सगळ्यांनी प्रेमानं बुडवत आणलं.

मला वाटलं, काका चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते कपाजवळ वाकून बसले. मग म्हणाले, "मले बिनकानाचा चालते. वाकडाही चालते. पण त्याले वाळू तं द्या आता." आणि फडकं पुन्हा अलगद झाकून म्हणाले, "सगळे आल्यावर काढू."

सगळे आले आहेत, काका.

तो कप बघा, ताईंच्या फोटोजवळ ठेवला आहे. हार घालायचा नाही असं काकांनी सांगितलं आहे. ते आता फडकं काढतील. आपण उभे राहू आणि गप्प राहू. तो कूलर बंद करा कुणीतरी, ओलसर हवा नको. बाहेर ऊन आहे, हवा गरम आहे, पुढचं ती बघेल. भट्टीत टिकला तर काका त्यातून चहा पितील. तडकला तर तडकला.

ताई, तुमच्या त्या उद्याची वाट पाहणं आम्ही इथं थांबवतो. जमत नाही आहे, पण थांबवतो.

आणि तुम्हा सगळ्यांना हात जोडून एकच सांगणं. आता कुणी पाणी मारू नका.