नासक्या नारळाची शपथ

आमच्या कबड्डीच्या टीमचं ऐकलं का तुम्ही? गावात आमचे सामने ठरले, अन् त्याच दिवशी दारव्ह्याच्या एका ठेकेदारानं त्याचे सामने ठेवले. त्याच्याकडून खेळणाऱ्याले नवे बूट, लॉजवर खोली, रोज मटण, वरून पैसे. एकेका गड्याले चोरून फोन सुरू झाले. आमच्या कोचले, देवराव काकाईले, वास लागला. त्याईनं सगळ्याईले मारुतीपुढं उभं केलं. म्हणे, "घ्या शपथ, गाव सोडून कोणी खेळणार नाही." नारळ फोडला तं नासका निघाला.

काका म्हणे, "म्हणजे देवानं घेतला. आता शपथ पक्की."

सामन्याच्या सकाळी मी बॅग घेऊन दारव्ह्याच्या जीपमधी बसलो. बाजूले आमचा गजू. त्यानं इचारलं,

"कुठं रे?"

"मावशीकडं. तू?"

"दात काढाले."

वळून पाह्यलं तं मांगच्या सीटवर बाकीची अख्खी टीम बसली होती. तेवढ्यात समोर काका चढले. मी हातच जोडले.

"काका, शपथ मोडली आमची."

काकाईनं ठेकेदाराचे कोरे बूट घातलेले पाय लांब केले अन् म्हणाले, "नासक्या नारळावर कुठं शपथ लागते का बे?"