बुवांचं रिकामं घरटं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, ताईंचे गुरू आणि आपणा सर्वांचे सर, ताईंचे यजमान, आणि चहाचा वास येत असूनही जागा न सोडलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आज ज्यांचा सत्कार आहे, त्या ताईंविषयी बोलायचं, तर आधी एका पक्ष्याविषयी बोलायला हवं. त्याला आम्ही 'बुवा' म्हणायचो. आपल्या पक्षी-संशोधन संस्थेमागच्या झुडपांत त्याच्याइतकी गाणी कुणालाच येत नव्हती. सरांचा तेव्हाचा सिद्धांत असा, की ज्या नराकडे गाणी जास्त, त्याची पिल्लंही जास्त. मग बुवांचं घर कसं गजबजलेलं असायला हवं, नाही का?

पण बुवांचं एकही पिल्लू उडण्याइतकं मोठं होईना! शेजारचे नर बेताचेच गाणारे, पण एकमेकांची गाणी उचललेले. एकानं सूर लावला, की दुसरा तेच गाणं परतवायचा आणि हद्दीचा तंटा तिथंच मिटायचा. उरलेला वेळ पिल्लांना भरवण्यात. आमचे बुवा मात्र दिवसभर भांडणात. त्यांचं गाणं शेजाऱ्यांना कळेल तर ना! हे टिपलं ताईंनी, पण एकट्या बुवांवरून त्यांनी निकाल दिला नाही. सगळी झुडपं पालथी घातली. सगळीकडे तोच प्रकार.

आता हे सरांना सांगायचं कसं? ताईंनी घरी जेवताना हेच विचारलं. यजमान म्हणाले, "अगं, केलंय ते पक्ष्यांनी. तू फक्त निरोप पोचव."

ताई आणि मी सरांच्या घरी गेलो. ताईंनी सगळ्या नोंदी मांडल्या. सरांनी डोळे मिटून झुडपांतल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण ऐकलं.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं.

"म्हणजे माझं चुकलं?"

"आपल्या झुडपांपुरतं तरी, हो सर."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सरांच्या पत्नी म्हणाल्या, "कुणीतरी बोललं गं बाई एकदाचं!" सर हसले.

पुढे परिषदेत ताईंचं नाव पुकारलं गेलं आणि ताईंच्या आधी सरच उठले. आम्हाला धडकी भरली. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "आता ही मुलगी जे सांगेल, त्यानं माझं म्हणणं जुनं होणार आहे. मी ते दोनदा ऐकलंय. तुम्हीही नीट ऐका." ताई ठामपणे बोलल्या. पहिली टाळी सरांची होती.

ताई, असा गुरू मिळणं भाग्याचं, आणि सर, अशी शिष्या मिळणंही! आपण सगळे आलात, ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. नमस्कार.