पुढचं यान गाठायचं कसं

(शिंदखेडा. दहावीतली प्रमिला शाळेतून आली आहे. घरात तिचे वडील नाना, एसटीचे ड्रायव्हर, आणि आई.)

प्रमिला : ‘सर, यानाला ब्रेक असतो का?’ असं विचारलं मी नाना, भर वर्गात उभी राहून. मुलांच्या रांगा नुसत्या खिदळत होत्या.

नाना : उद्या धुळ्याला आत्याला निरोप द्यायचाय, की तू तिच्याकडे राहून तिथल्या कॉलेजात सायन्सला येत नाहीस, इथेच आर्ट्सला राहणार. आणि तू मला ब्रेक सांग.

प्रमिला : आधी ऐका तर. माझ्या बाकावरच्या मदिनाने पैज लावली होती, की मी उभी राहून विचारणार नाही. आमच्या वर्गात मुली उत्तर द्यायला उभ्या राहतात, विचारायला नाही. काही अडलं तर चिठ्ठी मॉनिटरकडे, आणि तो आमचा प्रश्न स्वतःच्या नावावर खपवतो.

आई : मंग, सर रागे भरनात का?

प्रमिला : छे. धनसिंग सर म्हणाले, इंजिनाचं तोंड पुढे करून जाळ सोडला की झाला ब्रेक. मग त्यांनीच कोडं घातलं. दोन यानं पृथ्वीभोवती एकाच वाटेवर फिरताहेत, एक पुढे, एक मागे. मागच्याला पुढचं गाठायचंय. काय करावं? नाना, तुम्ही सांगा.

नाना : त्यात काय सांगायचं? ॲक्सिलरेटर दाबायचा.

प्रमिला : सगळी मुलं हेच ओरडली. चूक.

नाना : चूक कशी? मी काय बैलगाडी हाकतो?

प्रमिला : रस्त्यावर बरोबर. पण तिथे रस्ता कुठाय? जोर लावला की यान वर चढतं. चढताना वेग खर्च होतो, वर फेराही मोठा. म्हणजे मागचं आणखी मागे. उलट ब्रेक मारला तर ते खाली येतं, आणि जेवढी उंची गेली तिचा वेग होतो. फेरा लहान. खालून पुढे काढायचं आणि मग हळूच वर यायचं.

नाना : घाट उतरताना न्यूट्रलमध्येही गाडी पळते, तसं.

प्रमिला : तस्संच. ऊर्जा कुठे जात नाही. उंचीतून निघते ती वेगात येते.

आई : आनि हाई तुले कोनी सांगं?

प्रमिला : कोणीच नाही. यात्रेत मौत का कुआँ पाहिला होता ना आपण? तो मोटारसायकलवाला जोर लावला की विहिरीच्या भिंतीवर वर चढायचा. म्हणून मी म्हटलं, सर, जोर लावला तर ते वर जाईल, पुढे नाही. सर म्हणाले, विहिरीचा दाखला अर्धाच चालतो, तिथे वरचा जोरात पळतो आणि आकाशात वरचा सावकाश. पण उत्तर बरोबर.

नाना : मग मुलं?

प्रमिला : उत्तर वहीत उतरवायला लागली. नंतर मॉनिटर चिठ्ठ्या मागायला आला, तर मदिनाने दिलीच नाही. स्वतः उभी राहिली.

नाना : हुशार आहेस, कोण नाही म्हणतं? पण तुला आत्याकडे ठेवायचं मला जमणार नाही, आणि रोज ये-जा म्हटलं तर प्रॅक्टिकल संपेतो अंधार पडतो. त्या कॉलेजच्या पोरी दिवे लागल्यावर माझ्या गाडीत चढतात. पुस्तकं छातीशी धरून बसतात, वाटेत एक शब्द बोलत नाहीत. तुला तसं बसलेलं मला बघवणार नाही.

प्रमिला : त्या पोरी आधीची गाडी सोडून तुमच्याच गाडीला का थांबतात, माहीत आहे?

नाना : का?

प्रमिला : पोरगी रस्ता ओलांडून घराच्या दाराशी जाईपर्यंत तुम्ही गाडी हलवत नाही, म्हणून.

आई : खरं शे. बठ्ठा गावले माहीत शे.

नाना : ते कोणीही करेल.

प्रमिला : नाना, उद्या आत्याला सांगा, मी सायन्स घेतेय. तिच्याकडे राहणार नाही, रोज जाईन-येईन. तुमची ड्यूटी नसेल त्या दिवशीसुद्धा.