बाहेरच्या दाराचं कुलूप

हॅलो?… हो बाबा, मीच. ऑफिसात, सर्व्हरच्या खोलीत. पंखे घोंघावतायत हो… ऐकू येतंय, ओरडू नका!

काय लिहून येतंय?… "परवानगी नाही"? अच्छा. आणि आईचा शिवणवर्ग किती वाजता?… चारला? अहो, पावणेचार झालेत!… माहितीये. पायाला प्लास्टर घालून मावशीकडे पडून आहे तेव्हापासून तेच चाललंय तिचं, आता शिकवणं बस म्हणून. आज तिकडे तुम्ही केलेलं मापांचं पान उघडलं नाही तर खरंच बंद करेल… नाही, नाही, घाबरू नका. काल काय काय केलंत ते सांगा.

पब्लिक नावाचं फोल्डर. बरोबर. त्यात आईच्या वहीतली मापं… चाळीसच्या चाळीस पानं? एका बोटानं? धन्य आहे तुमची!… आणि मग?… बाहेरच्या मोठ्या फोल्डरला बाकी सगळ्यांना बंदी. का पण?

हो, हो… चौतीस वर्षं संस्थेचं स्टोअर सांभाळलंत, कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय झोप नाही… अहो ऐका ना. ह्या सर्व्हरवर प्रत्येकाचं एकेक घर, म्हणजे ते मोठं फोल्डर. पाहुण्यांची खोली, तुमचं ते पब्लिक, त्या घराच्या आत. तुम्ही खोली सताड उघडी ठेवलीत आणि बाहेरच्या दाराला कुलूप घातलंत. पाहुणा येणार कुठून, खिडकीतून?

मी करू इथून? एका मिनिटाचं… बरं बाई, नाही लावत हात! तुम्हीच करा. लिहा. सी, एच, एम, ओ, डी. परवानगी बदलायचा हुकूम आहे तो. जागा सोडा. सात, एक, एक… नाही हो, लोक नुसते आतून चालत जातील, कपाटात कोणी डोकावणार नाही. शप्पथ! परत जागा. मग शिफ्ट दाबून ती वळवळती रेघ, म्हणजे तुमचं घर… डावीकडे, वरच्या कोपऱ्यात… हां, तेच गांडूळ. एंटर.

काहीच आलं नाही? म्हणजेच झालं! बघा आता उघडून… दिसलं? हुश्श!

थांबा, कोण काय उघडतं त्याच्या नोंदी दिसतात मला… आलं! मावशीच्या घरून! आईच. सगळ्या बायका पलंगाभोवती बसल्या असणार… बाहीचं पान… गळ्याचं… आता एकदम शेवटचं. त्यात काय आहे?

आईनं शिवलेला माझा पहिला फ्रॉक? त्याचा फोटो? अहो, तो फ्रॉक हरवला ना! आई अजून हळहळते… तुमच्या कपाटात? कुलपात? तीस वर्षं?… सांगायचं राहून गेलं काय! बाबा!

…नाही, रडत नाहीये. पंख्यांचा आवाज आहे.

अरेच्चा… परत तेच पान उघडलं. परत… परत तेच. बाबा, वर्ग थांबलाय वाटतं तिकडे.

काय? तिचाच फोन येतोय? मग घ्या ना! माझा ठेवा!… आणि ऐका, आता परत कुलूप लावू न… हॅलो?… बाबा?

…ठेवलासुद्धा.