आडनाव नसलेली फाईल

आया-बहिणींनो, तांड्यावरून आलेल्या मंडळींनो, हिंगोलीतल्या गिऱ्हाइकांनो,

धनसिंगभाऊंच्या शोकसभेत मला बोला म्हणले तवा मी नको म्हणलो. तुमाला वाटलं, दुःखानं नको म्हणून राहिला. दुःख तर हायेच. पण खरं सांगतो, मी लाजेनं नको म्हणत होतो. वहिनी म्हणल्या, "दिनकर, तू त्यांच्याजवळ बारा वर्षं काम केलंस. तू न्हाई बोलणार तर कोण?" म्हणून उभा हाये. मधीच थांबलो तर थांबू द्या.

धनसिंगभाऊ तांड्यातले पहिले कॉम्प्युटर शिकलेले. स्टेशन रोडला एक खोली, दोन मशीन, आन् आमी तिघं. भाऊ, मी आन् सलीम. डाळमिल, बियाणं केंद्र, दवाखाना, सगळ्यांचे प्रोग्राम आमी लिहायचो. तारीख सगळ्यांना लागते, वजन सगळ्यांना लागतं. भाऊंचा नियम असा, की ते काम एकदाच लिहायचं, सामाईक फाईलमध्ये ठेवायचं आन् सगळ्यांनी तिथूनच वापरायचं. आन् प्रत्येक कामाला आडनाव लावायचं. आडनाव म्हणजे नावातली पहिली दोन अक्षरं. तारखेचं काम असंल तर डीटी, वजनाचं असंल तर डब्ल्यूटी. भाऊ म्हणायचे, "आडनाव कळलं की घर कळतं. घर कळलं की दुरुस्तीला कुठं जायचं ते कळतं."

एक जाड नोंदवही होती. कामाचं नाव, कशासाठी, कोणी केलं. तीन रकाने. नोंद केल्याशिवाय सामाईक फाईलला हात न्हाई लावायचा. मी कुरकुर केली की म्हणायचे, "दिनकर, विहिरीवरून हंडा भरून ने. विहीर उचलून घरी नेऊ नको."

मी विहीर उचलून नेली, मंडळी.

बियाणं केंद्राच्या माणसाला यादीत तारीख वेगळ्या पद्धतीनं छापून पाहिजे होती. तो समोर येऊन बसलेला. भाऊ पुसेगावला गेलेले. सामाईक फाईल बदलली तर सगळ्यांचे प्रोग्राम तपासा, नोंद करा, दोन दिवसाची तकलीफ. मी काय केलं? तारखेचं काम तिथून उतरवून घेतलं, त्यात फेरफार केला, ‘नवा-२’ नाव दिलं आन् केंद्राच्या प्रोग्रामात टाकून दिलं. कशाचा नवा? कुणाचा नवा? आडनाव न्हाई, नोंद न्हाई. माणूस खुश होऊन गेला. मीबी खुश. भाऊंना सांगितलं न्हाई.

मग दोन हजार साल यायची येळ आली. दोन आकडी साल चार आकडी करायचं होतं. भाऊंनी सामाईक फाईल एका जागी बदलली आन् सगळीकडं दुरुस्त झालं. केंद्रातबी झालं, असं त्यांना वाटलं. काहून न्हाई वाटणार? नियम होता.

पेरणीला केंद्रातून यादीप्रमाणं सोयाबीन वाटलं. पोत्यावर नुसता नंबर, साल यादीत. माझ्या ‘नवा-२’ला शून्य शून्य साल नव्याण्णवपेक्षा जुनं वाटलं. नवं बियाणं जुनं म्हणून बाजूला राहिलं आन् गेल्या वर्षीचं तुमच्या घरी गेलं. ते उगवलं न्हाई. तुमच्या तांड्यावर बराबर निम्मी रानं दुबार पेरली.

सगळे म्हणले, धनसिंगच्या कॉम्प्युटरनं घात केला. मोतीरामकाका, तुमी समोर बसलात म्हणून सांगतो. तुमी सख्खे भाऊ. त्या हंगामापासून तुमी त्यांच्या दारात गेला न्हाई. त्यांनी तुमाला काय सांगितलं? "चूक माझ्या हापिसाची हाये, म्हणजे माझीच." एवढंच ना?

हापिसात त्यांनी ‘नवा-२’ तासाभरात शोधलं. आमाला विचारलं, "हे कुणाचं?" सलीम म्हणला, "माझं नव्हे, भाऊ." मी म्हणलो, "जुनं असंल कुठलं तरी." भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय, असंल," म्हणले आन् चहा सांगितला. मला वाटलं, सुटलो. तो चहा मी प्यालो, मंडळी. त्याच्यानंतर वर्षानुवर्षं त्यांच्याच पगारावर जगलो आन् तोंड उघडलं न्हाई. धीर होत न्हाई, असं मी मनाला सांगायचो. धीर काय, मला माझी इज्जत प्यारी होती.

परवा वहिनींनी नोंदवही माझ्या हातात दिली. "हे तुझ्या कामाचं," म्हणल्या. मी पानं उलटली. भाऊंच्या अक्षरात ‘नवा-२’ची नोंद हाये. कशासाठी, तर ‘तारीख. आता बंद.’ आन् कोणी केलं, तो रकाना कोरा. अख्ख्या वहीत तेवढा एकच कोरा. सलीम न्हाई म्हणला होता, उरलो मी एकटा. त्यांना नाव ठाऊक न्हाई, असं कसं म्हणू? त्यांनी माझी वाट पाहिली. शेवटपर्यंत.

वही मी सोबत आणली हाये. मोतीरामकाका, तुमच्या खिशातला पेन द्या. तुमच्यासमोर लिहितो. दिनकर.

काका, तुमच्या भावाचा कसूर नव्हता.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका. भाऊ, मी माझी नोंद केली.